धाकट्या टेकाडाची राखणदार

तिला सगळे शिट्टीबाई म्हणत. तोंडावरही म्हणत आणि पाठीमागेही, आणि तिला दोन्हीचं काही वाटत नसे. शिट्टी पुरातत्त्व खात्याची होती. खाकी कोट, शिट्टी आणि गळ्यात अडकवायचं फोटोचं कार्ड एवढ्या आयुधांवर तिने शेतांमधली तीन टेकाडं सांभाळायची, अशी तिची नोकरी होती.

टेकाडं पाहायला लांबून माणसं यायची आणि बहुतेक हिरमुसली होऊन जायची. सपाट नांगरलेली जमीन आणि तिच्यात गवताचे तीन उंचवटे, याहून जास्त तिथं दिसण्यासारखं काही नव्हतं. माणसाच्या हातात लोखंड येण्याच्याही आधी इथं राहणाऱ्या कुणीतरी आपली माणसं पुरली, भोवती दगडांचं कडं मांडलं आणि वर टोपल्या टोपल्या माती ओतली. शिट्टीबाई हे सगळं छान सांगायची. मग हटकून कुणीतरी विचारायचं, "पण इथं नक्की कोण पुरलंय?"

"ओळखीचं कोणी नाही," ती म्हणायची.

"राजा-बिजा असेल ना एखादा?"

"राजा असता तर खात्याने मला बसायला खुर्ची दिली असती."

तिच्या आधी ही राखण तिच्या नवऱ्याकडे होती. तो छातीच्या दुखण्याने गेला, तेव्हा लेक अजून दुधाचे दात पाडत होती. नोकरी बायकोला द्यायची की नाही यावर खात्यात बरीच खलबतं झाली. मुलाखतीत एका साहेबांनी विचारलं, "तुम्हाला प्राचीन इतिहासाची आवड आहे?" ती म्हणाली, "आत्ता गरज आहे. आवड लागेल हळूहळू." साहेब हसले आणि नोकरी मिळाली. आवडही लागली, आणि चांगली जडली. टेकाडांवर उगवलेली झुडपं ती मुळं न हिसकता कापायची, मुळं ओढली की आतली माती हलते म्हणून. पाऊस पडून गेला की उघडे पडलेले दगड नुसते बघून यायची. हात लावायचा नाही, असा नियम होता.

टेकाडांना खात्यात क्रमांक होते, पण नवऱ्याने त्यांना नावं ठेवली होती: थोरलं, मधलं आणि धाकटं. थोरलं चांगलं घराएवढं होतं, त्याला कुणाची भीती नव्हती. मधलं बऱ्यापैकी धट्टंकट्टं होतं. धाकट्याचे मात्र हाल होते. दर हंगामाला नांगर त्याच्या कडेकडेने जायचा आणि जाता जाता वीतभर लचका तोडायचा. लचके तोडून तोडून ते आता गुडघ्याएवढं उरलं होतं. गवत वाढलं की गवतातच बुडून जायचं. शिट्टीबाई डबा खायला नेहमी त्याच्याचजवळ बसायची.

"तीन लेकरं तुझी, आणि मी सवतीची," लेक लहानपणी म्हणायची.

"ती तुझ्यासारखी उलटून बोलत नाहीत."

"मेलेली आहेत म्हणून. जिवंत असती तर कळलं असतं तुला."

नांगर टेकाडावर येताना दिसला की शिट्टी वाजवायची. नांगरणारा थांबला नाही तर खात्याला कळवायचं. अधिकाराच्या नावाने एवढंच. अडवायचं नाही, दंड करायचा नाही, कुणाला ढकलायचं तर नाहीच. उघड्या ट्रॅक्टरचे दिवस होते तेव्हा शिट्टी ऐकू तरी जायची. ड्रायव्हर हात हलवायचे, कुणी दात काढायचे, कुणी शिव्या घालायचे, पण वळायचे. मग आसपासची झाडून सगळी जमीन एका कंपनीने कसायला घेतली आणि बंद काचांच्या केबिनचे ट्रॅक्टर आले. आत पंखा, आत गाणी. बाहेर कुणी शिट्टी वाजवली काय आणि पिपाणी वाजवली काय, सारखंच.

अशाच एका ट्रॅक्टरवर लेक ड्रायव्हर झाली.

शिट्टीबाईला तेव्हा जी काळजी लागली, ती पुढे कधी पुरती गेलीच नाही. ट्रॅक्टर उलटला तर? ओढणी कशात अडकली तर? एकटी मुलगी, रानात, दिवसभर? लेक म्हणायची, "आई, ओढणी मी कपाटात ठेवून जाते. आणि ट्रॅक्टर उलटायला आधी चढ तरी पाहिजे. तुझी टेकाडं सोडली तर इथं चढ आहे कुठे?" कंपनीने तिला मोठ्या पलटी नांगराच्या शिक्षणासाठी एक अख्खा हंगाम दुसरीकडे पाठवलं. परत आली ती नवी भाषा घेऊन. स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून ती आईला समजावायची. हातातलं उलथनं हा नांगर, पुढे पोळपाट हे शेत.

"ट्रॅक्टर आपला आपण सरळ जातो. पडद्यावर नकाशा असतो ना, त्याच्या रेघेवरून. जिथं नांगरायचं नाही तिथं नकाशात भोक ठेवलेलं असतं. आपण काय करायचं? भोक आलं, बांध आला, की नांगर उचल. ओलांडलं, की सोड. उचल, सोड. उचल, सोड. झाली नांगरट."

"एवढ्यासाठी अख्खा हंगाम लागला शिकायला?"

"तुला शिट्टी फुंकायला किती लागला?"

दोघी हसल्या. शिट्टीबाईला कौतुक वाटलं होतं. लेकीच्या परवान्यावरचा फोटो तिने मैत्रिणींना फिरून फिरून दाखवला.

लेक शिकायला गेली होती त्याच हंगामात खणणारी मंडळी आली होती. त्यांनी मधलं उघडलं, आतलं काय ते काळजीपूर्वक काढून नेलं आणि खड्डा पुन्हा भरला. मधलं 'मोकळं झालं' असं सगळे म्हणायला लागले, म्हणजे आता तिथं सांभाळण्यासारखं काही उरलं नाही. धाकट्याला कुणी बोटही लावलं नव्हतं. पण तिन्ही टेकाडांना नावाने ओळखणारं माणूस शिट्टीबाईवाचून होतंच कोण? कंपनीच्या लोकांना इतकंच कळलं की एक टेकाड मोकळं झालं. कंपनीच्या ऑफिसात कुणीतरी नव्या हंगामाच्या नकाशातलं एक भोक बुजवलं. बुजवलं ते धाकट्याचं.

त्या दिवशी वारा सुटला होता. थोरल्यापाशी खात्याची पाटी आडवी झाली होती आणि शिट्टीबाई तिचा खांब दगड ठोकून पुन्हा उभा करत होती. धाकटं तिथून शेतभर लांब होतं. फोन वाजला. लेकीचा.

"आई... धाकट्यापाशी..." वाऱ्यात निम्मे शब्द उडून गेले. "...म्हणतोय की... काय करू?"

आता धाकट्यापाशी आल्यावर काय करायचं, हे काय विचारायचं झालं? "सोड!" ती ओरडली. "त्याला सोड!"

"काय? सोडू ना?"

"हो गं बाई, सोड म्हणते ना!"

फोन बंद झाला. शिट्टीबाईला बरं वाटलं. इतर ड्रायव्हर विचारतात थोडेच? लेकीने थांबून, फोन करून विचारलं. एका हाताने पाटीचा खांब धरून तिने तिकडे पाहिलं. ट्रॅक्टर निघाला होता. आता तो डावीकडे वळेल, म्हणून ती बघत राहिली. ट्रॅक्टर वळला नाही.

मग ती धावली. पन्नाशी उलटलेली बाई, अंगात खाकी कोट, ढेकळांमधून पाय मुरगळत धावली. शिट्टी फुंकली, पुन्हा फुंकली, दम पुरेना तेव्हा नुसतीच तोंडात धरून धावली. ट्रॅक्टरचा पिवळा टप गवतातून वर आला, क्षणभर उंच झाला आणि पलीकडे उतरला.

शेताच्या टोकाला वळताना लेकीने पाहिलं, की आई दोन्ही हात हलवत नांगराच्या तासात उभी आहे. ती खाली उतरली. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, नुसतं 'काय झालं?'

"अगं काय केलंस हे? काय केलंस?"

"काय केलं? तूच म्हणालीस सोड."

"टेकाड सोड म्हणाले!"

"मी विचारलं, नांगर उचलून थांबलेय, सुपरवायझर म्हणतोय हे मोकळं झालंय, काय करू? तू म्हणालीस सोड. मी पुन्हा विचारलं, सोडू ना? म्हणालीस, हो गं बाई."

उलथनं आणि पोळपाट तिच्या डोळ्यांसमोर आले.

एकाच फेरीत सगळं उलथलं होतं. बाहेरची माती तांबूस, आतली काळी, आणि काळ्या मातीत राखेचा करडा पट्टा. कड्याचे दगड तासाच्या दोन्ही बाजूंना भिरकावल्यासारखे पडले होते. एका मडक्याचा काठ ताज्या फुटीने लाल दिसत होता. लेक उकिडवी बसली. तिच्या पायाशी बोटाएवढं काहीतरी पांढुरकं होतं.

"आई, हा... माणूस आहे का?"

"हो."

लेकीने मडक्याचे दोन तुकडे उचलून एकमेकांना लावून पाहिले.

"हात लावू नकोस," शिट्टीबाईच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

लेक हसली की रडली ते वाऱ्यात कळलं नाही. "आता हात लावू नको!"

सुपरवायझर मोटरसायकलवरून आला. त्याने तासाकडे पाहिलं, दोघींकडे पाहिलं आणि सगळं त्याच्या ध्यानात आलं. "कुळव फिरवून सपाट करून टाकू," तो म्हणाला. "गुडघ्याएवढं तर होतं. पुढच्या हंगामाला कुणाच्या लक्षातसुद्धा राहणार नाही. बाई, घरातल्या घरात मिटवा. मुलगी तुमचीच आहे."

शिट्टीबाईने लेकीकडे पाहिलं. गप्प बसणं शक्य होतं. इतकी वर्षं हे टेकाड कुणी पाहिलंच कुठे होतं?

"तू राहशील गप्प?" लेकीने विचारलं. टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती.

शिट्टीबाईने डोक्यात झरझर हिशेब मांडला. शब्द माझा, चूक माझी. आपणच कळवलं आणि आपणच कबूल केलं, तर जाईल ती आपली नोकरी. लेकीच्या परवान्याला धक्का लागणार नाही. उलट लपवलं आणि उद्या बाहेर आलं, तर दोघी बुडू. हा हिशेब तिला इतका सरळ वाटला, की तिने तिथंच उभ्या उभ्या खात्याला फोन लावला.

खात्याचं ऑफिस जिन्यावरून वर होतं. खोलीत लोखंडी कपाटं, कपाटांवर खापरांची खोकी, खिडकीत मान टाकलेलं मनीप्लांट. साहेब कमरेला पट्टा बांधून ताठ बसले होते. भला माणूस होता. त्यांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला. शेजारच्या टेबलावर टंकलेखक जबाब उतरवून घेत होता.

"मी सोड म्हटलं, साहेब. म्हणून तिने नांगर सोडला."

"म्हणजे नांगरायला तुम्ही सांगितलंत?"

"छे! मी नांगरू नको सांगितलं."

"मग तिने तुमचं ऐकलं नाही."

"ऐकलं की! ऐकलं म्हणूनच तर झालं."

साहेबांनी चष्मा काढला. टंकलेखकाचा हात थांबला होता. "साहेब, मी बोलू का?" तो म्हणाला. "ड्रायव्हर लोक नांगर खाली टाकण्याला सोडणं म्हणतात. आणि बाईंचं सोडणं म्हणजे वगळणं. 'ते सोड' म्हणाल्या असत्या तर ते टेकाड. 'तो सोड' म्हणाल्या असत्या तर तो नांगर. पण बाई म्हणाल्या 'त्याला'. त्यात दोन्ही बसतात."

"वा," साहेब म्हणाले. "हे लिहू नका."

शिट्टीबाई पुढे सरकली. "बरं, मग असं लिहा. मीच तिला म्हटलं, नांगर. नांगरून टाक म्हटलं. मुद्दाम म्हटलं."

"बाई."

"लिहा ना. मी सही करते."

साहेबांनी टंकलेखकाला खुणेनेच थांबवलं. "लिहून उपयोग नाही हो. परवानगी द्यायचा अधिकारच तुम्हाला नाही. उद्या तुम्ही मला म्हणालात, हे कपाट घरी घेऊन जा, आणि मी नेलं, तर चोर कोण? तुम्ही नाही, मी. तुम्ही हो म्हणा, नाही म्हणा, तुमच्या म्हणण्याला कायद्यात जागाच नाही. जो नांगरावर बसला होता, तो जबाबदार."

"आणि नकाशा? नकाशात भोक नव्हतं, असं ती सांगते ना."

"कंपनीने नकाशा दाखवलाय. त्यात आहे."

"आता आहे. त्या दिवशी नव्हतं."

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्या दिवशी पडद्यावर काय होतं, ते लेकीशिवाय कुणी पाहिलं नव्हतं.

"मग मी तिथं इतकी वर्षं कशासाठी आहे, साहेब?"

"कळवण्यासाठी," ते हळूच म्हणाले. "आणि तुम्ही कळवलंत. पोटच्या मुलीबद्दल कळवलंत. वरच्या ऑफिसातून खास शेरा आलाय तुमच्याबद्दल. चांगला." मग त्यांना स्वतःलाच ते कसंतरी वाटलं असावं. "चहा घ्या. गार होतोय."

ती चहा प्यायली. नाही कसं म्हणायचं, हे तिला सुचलं नाही.

लेकीचा परवाना खात्याने मागून घेतला आणि कंपनीने तिला घरी बसवलं. पुढचे दिवस ती बटाटे निवडायच्या शेडमध्ये जाऊ लागली. पट्ट्यावरून बटाटे सरकत येतात, सडके वेचून बाजूला टाकायचे. दिवसभर उभं राहायचं. घरी आली की ती साबणाने हात धूत बसायची आणि शिट्टीबाई टॉवेल घेऊन मागे उभी राहायची, जणू लेक पुन्हा शाळेतून आली आहे. लेक तिच्यावर एकदाही चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"बोल ना मला काहीतरी," एकदा शिट्टीबाईच म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही. शिव्या दे."

"कशाबद्दल? तू चुकीचं काही बोललीच नाहीस," लेक म्हणाली. "मीपण चुकीचं ऐकलं नाही." आणि तिने टॉवेल घेतला.

शिट्टीबाईची ड्यूटी चालूच होती. धाकट्याच्या जागी आता काही नव्हतं, पण खात्याने ती जागा दोरीने आखून दिली होती आणि कुणी आत पाय ठेवू नये म्हणून तिला तिथं उभं केलं होतं. पाहायला येणारी माणसं विचारायची, "इथं काय आहे?" ती म्हणायची, "पुढे बघा, थोरलं पुढे आहे."

लेकीच्या परवान्याची सुनावणी लागली, त्या दिवशी दोघी सकाळीच कचेरीत पोचल्या. शिट्टीबाईने सांगायचं सगळं मनात घोळवून पाठ केलं होतं: फोन, वारा, 'त्याला', उलथनं, पोळपाट, सगळं. साहेबांपुढे घोटाळा झाला तसा इथं होऊ द्यायचा नव्हता. बाहेर लांबलचक बाक होता आणि दाराशी शिपाई. लेकीला आत बोलावलं. शिट्टीबाई उठली.

"तुम्ही नाही," शिपाई म्हणाला.

"मी आई आहे तिची."

"आयांना आत नाही सोडत."

"साक्ष आहे माझी."

त्याने हातातला कागद वरून खाली पाहिला. "यात तुम्ही नाही आहात, बाई. कळवणाऱ्याचा अर्ज जोडलाय, तेवढा पुरतो. बसा."

ती बसली. आतले आवाज नुसते आवाज म्हणून बाहेर येत होते. एकदा लेक काही बोलली, मग बराच वेळ दुसरंच कुणी बोलत राहिलं. शिट्टीबाईने पाठ केलेलं पुन्हा एकदा पहिल्यापासून म्हणून पाहिलं. मधेच उठून ती पुन्हा शिपायाकडे गेली. "एकच वाक्य सांगायचंय. तुम्ही आत जाऊन सांगता का?" शिपायाने तिच्याकडे पाहिलं आणि खिशातून लिमलेटची गोळी काढून तिच्या हातावर ठेवली. "बसा, आई," तो म्हणाला. या वेळी बाई नाही म्हणाला.

लेक बाहेर आली तेव्हा गोळी शिट्टीबाईच्या मुठीत तशीच होती, चिकट झालेली.

"काय झालं?"

"प्रकरण वर जाणार. कोर्टात. तोपर्यंत परवाना नाही."

"तोपर्यंत म्हणजे कधीपर्यंत?"

"ते कुणालाच माहीत नाही."

"मला बोलावलं नाही त्यांनी. मी सांगणार होते..."

"माहितीये," लेक म्हणाली. "चल. हळू उतर, ही पायरी तुटलीय." तिने आईचा दंड धरला, जणू आईच आजारी आहे.

खाली आवारात सायकली लावल्या होत्या. तिथं सावलीत उभी राहून लेकीने सांगितलं, की ती मावशीकडे शहरात जातेय. गोदामात माल चढवायचं काम आहे, मावशीच्या ओळखीने. आज दुपारच्याच गाडीने.

जाऊ नकोस म्हणायचं शिट्टीबाईच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण इथं थांबून काय कर, हे तिला पुढे सांगता आलं नसतं. बटाट्यांच्या शेडचा वास लेकीच्या केसांना येत होता. आवाराबाहेर रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, आणि दोघींनी तिकडे पाहायचं टाळलं.

"स्वेटर घे," ती म्हणाली. "मावशीकडे थंडी असते."

"घेतलाय," लेक म्हणाली. "कालच भरला."